गोव्यात श्रीमंती-गरिबीची तफावत टिपताना: नवख्या छायाचित्रकारांसाठी

या विषयावर काम सुरू करणारा जवळपास प्रत्येक नवखा एकच फ्रेम शोधत फिरतो: पुढे पत्र्याची झोपडी, मागे काचेचा टॉवर. मुंबईत ती अर्ध्या तासात मिळते. गोव्यात सहसा मिळत नाही, आणि मिळाली तर बहुतेक वेळा ती छायाचित्रकाराने लांब उभे राहून जुळवलेली असते. इथली गरिबी श्रीमंतीच्या मागच्या दाराशी राहते. आसगावच्या व्हिलात पंपाच्या खोलीला लागून केअरटेकरची खोली असते. पर्वरीत बांधकामाच्या प्लॉटवरच मजुरांच्या पत्र्याच्या शेड असतात. कांदोळीत हॉटेलच्या मागच्या वाटेवर घरमालकाने कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांची रांग असते. कामराभाट, चिंबलची इंदिरानगर, मडगावचा मोतीडोंगर, झुवारीनगर या मोठ्या वस्त्या आहेतच, पण कॅमेरा घेऊन थेट तिथे जाणे ही सुरुवात चुकीची. तिथे गेल्यावर फक्त गरिबी दिसते, तफावत नाही.

तफावत दिसते ती दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या कामात आणि पैशात. नीती आयोगाच्या २०२३ च्या बहुआयामी गरिबीच्या अहवालात गोव्यातले गरिबीचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे गरिबीचा पुरावा गोळा करायला निघालात तर संपादक पहिल्याच बैठकीत आकडा पुढे करतील आणि विषय संपेल. त्याऐवजी एक धागा पकडा आणि तो दोन्ही टोकांपर्यंत न्या.

टँकर हा सगळ्यांत सोपा धागा. एप्रिल-मेमध्ये बार्देशच्या किनारपट्टीच्या गावांत पहाटेपासून टँकर फिरतात. विहिरीवर भरणारा टँकर, व्हिलाच्या फाटकातून आत गेलेला पाइप, त्याच वाटेवर नळाला पाणी नाही म्हणून घागरी-बादल्यांची रांग. तिन्ही दृश्ये एका फ्रेममध्ये येणार नाहीत, तो हट्ट धरू नका. तीन वेगळी चित्रे एकाच गावात, एकाच आठवड्यात, एकाच उजेडात काढली की ती एकमेकांशी बोलतात. सकाळी साडेसहा ते साडेआठ ही वेळ धरा. दहानंतर चुन्याच्या पांढऱ्या भिंती आणि पत्रे इतके चमकतात की सावलीतल्या माणसाचा चेहरा काळा पडतो.

दुसरा धागा किनाऱ्यावर आहे. पर्यटक उठायच्या आधी शॅकचे, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळींचे, कामगार वाळू झाडतात, खाटा मांडतात, बर्फाच्या लाद्या ओढतात. आपले किनारे पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळचा सूर्य शॅकच्या मागून येतो. पाण्याच्या कडेला उभे राहून जमिनीकडे कॅमेरा केलात तर सगळे काळ्या आकृत्या होतात. शॅकच्या बाजूने समुद्राकडे पाहा, म्हणजे उजेड पाठीमागून येईल आणि काम स्वच्छ दिसेल. हा हंगाम ऑक्टोबरच्या आसपास सुरू होऊन मेअखेर संपतो. जूनमध्ये मोडलेल्या शॅकचे वासे तेवढे मिळतील, माणसे गावी गेलेली असतील.

तिसरे ठिकाण मालीम जेटी. ट्रॉलरवरचे बरेच खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेले असतात. होडीवरच रांधतात, होडीवरच झोपतात, आणि समोर मांडवीत कॅसिनोची जहाजे लखलखत असतात. इथे मात्र दोन्ही गोष्टी खरोखरच एका फ्रेममध्ये येतात, म्हणून या जागेवर थोडा जास्त वेळ घालवा. सूर्यास्तानंतरची साधारण १५ ते २५ मिनिटे कामाची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मेमध्ये सातच्या आसपास. या वेळात आकाशाचा निळा उजेड आणि जहाजांचे दिवे जवळजवळ बरोबरीला येतात. उशीर केलात तर कॅसिनोच्या पाट्या पांढरे ठिगळ होतात आणि खलाशी अंधारात जातात. सुरुवातीला आयएसओ १६००, एफ ४, १/५० सेकंद ठेवा आणि पाट्यांचे रंग शाबूत राहतील इतके एक्स्पोजर कमी करत जा. सावल्या रॉ फाइलमधून नंतर उचलता येतात, उडालेली पाटी परत येत नाही. चित्रात आडवे काळे पट्टे दिसले तर दोष एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याचा. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून १/५० किंवा १/१०० वर या. ट्रायपॉड नेऊ नका. होड्या पाण्यावर हलतच असतात, आणि जाळी, बर्फ, टोपल्या वाहणाऱ्यांच्या पायात तो येतो. जेटीवर आधी मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात जाऊन सांगा, मग होडीच्या तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाला, विचारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा ट्रॉलर बांधलेले आणि बहुतेक खलाशी गावी.

आता लेन्सबद्दल, कारण या विषयात सर्वाधिक फसवणूक इथे होते. झोपडी तुमच्यापासून १०० मीटरवर आणि टॉवर ६०० मीटरवर असेल तर झोपडीच्या तुलनेत टॉवर सहा पट लहान दिसतो. त्याच रेषेत पुढे चालत झोपडीपासून १० मीटरवर गेलात तर टॉवर ५१० मीटरवर राहतो आणि तुलनेने ५१ पट लहान होतो. म्हणजे लांब उभे राहून २०० मिमीने काढलेला ‘झोपडीला खेटून टॉवर’ हा उभे राहण्याच्या जागेचा परिणाम असतो. ते चित्र खोटे म्हणता येणार नाही, पण चित्राखालच्या ओळीत अंतर लिहिले नाही तर वाचणारा फसतो. ८५ मिमीच्या पुढच्या प्रत्येक फ्रेमच्या ओळीत अंतर लिहायची सवय लावून घ्या. नकाशाच्या ॲपवर ते मोजायला मिनिट लागत नाही.

नेहमीच्या कामाला २८ किंवा ३५ मिमी पुरते. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर २८ मिमी, एफ ८ आणि फोकस ३.३ मीटरवर ठेवला की साधारण १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्पष्ट येते. या विषयात मागचे दृश्य पुढच्या माणसाइतकेच महत्त्वाचे आहे, म्हणून एफ १.८ वर मागची धूसर मलई करणे म्हणजे विषयच पुसून टाकणे. फोन वापरत असाल तर पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण तेच. किनाऱ्यावरून आल्यावर लेन्सवरचा खारा थर आधी ओलसर आणि मग कोरड्या मऊ कापडाने पुसा. कोरडेच घासले तर मीठ आणि वाळू काचेवर चरे पाडतात. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता, एवढी सोय हवी.

दोन्ही बाजूंना एकच वागणूक द्या. बहुतेक मालिका इथे उघड्या पडतात. व्हिला संध्याकाळच्या सोनेरी उजेडात, खालून, रुंद लेन्सने. मजूर दुपारी बारा वाजता, पुलावरून किंवा हॉटेलच्या गच्चीतून, वरून. मग श्रीमंत भव्य आणि गरीब जमिनीचा भाग वाटतो, आणि ती टिप्पणी कॅमेऱ्याच्या उंचीने केलेली असते. गरिबांची चित्रे कृष्णधवल आणि श्रीमंतांची रंगीत, ही तर त्याहून स्वस्त युक्ती. जोडचित्रे करायची असतील तर अटी आधी कागदावर लिहा: दोन्ही स्वयंपाकघरे, ३५ मिमी, कॅमेरा छातीच्या उंचीवर, माणसापासून अडीच मीटर, खिडकीचा उजेड, फ्लॅश नाही. व्हिलाच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई आणि तिचे स्वतःचे स्वयंपाकघर ही जोडी दोन अनोळखी घरांच्या जोडीपेक्षा कितीतरी जास्त सांगते. मोतीडोंगरावर जायचेच असेल तर तिथून खाली शहराकडे बघून काढा. उलट दिशेची चित्रे खंडीभर आहेत.

गोव्यात चुकीचे वाचन फार सहज होते. पडझड झालेला मोठा पोर्तुगीजकालीन वाडा म्हणजे गरिबी नव्हे. मालक परदेशात किंवा वारसांचा वाद कोर्टात, असे असू शकते. मंगलोरी कौलांचे मातीचे घर असलेल्या माणसाची शेजारी नारळाची बाग असते. फाटका बनियन घालून रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारा होडीचा मालक असेल. उलट चकचकीत गणवेशातला सुरक्षारक्षक एका खोलीत पाच जणांबरोबर राहत असेल. विचारल्याशिवाय कोणालाही कोणत्याच बाजूला टाकू नका.

मांडणी करायचा मोह आवरा. २०१८ मध्ये एका इटालियन छायाचित्रकाराची भारतातली एक मालिका समाजमाध्यमांवर आली आणि जगभर टीका झाली. त्याने गावातल्या गरीब लोकांसमोर टेबलावर नकली अन्न मांडून त्यांना डोळे झाकायला लावले होते. कल्पना सांगायला चांगली वाटते, चित्रात ती क्रूर दिसते.

संमतीचा प्रश्न इथे कामधंद्याशी बांधलेला आहे. कळंगुट-बागा किनाऱ्यावर माळा आणि कपडे विकणाऱ्या लमाणी बायकांवर पोलीस आणि पर्यटन खात्याची कारवाई होत असते, त्यामुळे चेहरा दिसणारे चित्र त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते. हात, माल, पाठ, वाळूवरच्या सावल्या यांवर बरेच काम होते. रक्षकाच्या गणवेशावरचे एजन्सीचे नाव आणि नंबर फ्रेमबाहेर ठेवा. फाटकावर तुमच्याशी बोलताना तो दिसला तरी नोकरी जाऊ शकते, म्हणून पाळी संपल्यावर भेटा. मजुरांशीही मुकादमासमोर बोलू नका. कोमुनिदादच्या (गावाच्या सामाईक मालकीच्या) किंवा वादातल्या जमिनीवरची घरे असतील तर घर क्रमांक आणि वीजमीटर दिसू देऊ नका, फाइलमधली जीपीएस नोंदही काढून टाका. पैसे देऊन चित्र काढू नका, एकदा दिले की पुढच्या प्रत्येकाकडे दर ठरतो. चार बाय सहाची प्रिंट नेऊन द्या. ती आठवड्याच्या आत गेली पाहिजे, कारण साइट संपली की माणसे दुसऱ्या तालुक्यात असतात. भाषा हिंदी चालते, कन्नडमधली चार वाक्ये आली तर दारे लवकर उघडतात.

मुलांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. भीक मागणारे, रस्त्यावर राहणारे किंवा बेकायदा कामाला लावलेले मूल बाल न्याय कायदा २०१५ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल ठरते. कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख पटेल असे काही प्रसिद्ध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा धूसर केला आणि शाळेचा गणवेश राहिला, तर ओळख राहिलीच.

ड्रोनची हौस सगळ्यांनाच असते. जॉनी मिलर या छायाचित्रकाराने २०१६ पासून दक्षिण आफ्रिकेत वरून काढलेली चित्रे जगभर गाजली, कारण तिथे वर्णभेदाच्या काळात वस्त्या मुद्दाम रिकामे पट्टे सोडून वेगळ्या वसवल्या होत्या आणि ती रेघ वरून ठळक दिसते. गोव्यात वरून दिसतात माडांचे शेंडे. शिवाय झुवारीनगर आणि बायणा जिथे हे कदाचित जमले असते तो भाग दाबोळी विमानतळाजवळ आहे, आणि तो विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे. तिथे ड्रोन काढूच नका. इतरत्र ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ग्रीन झोन (उड्डाणाला मोकळा भाग) पाहून, १२० मीटरच्या खाली. उत्तरेत मोपाचा विमानतळही ध्यानात ठेवा.

श्रीमंत बाजूला प्रवेश मिळवणे जास्त कठीण आहे, आणि आळस करून लोक ती बाजू फाटकाच्या चित्रावर भागवतात. वास्तुविशारद, इंटिरियर करणारे, लग्नाचे डेकोरेटर यांच्यामार्फत लेखी विनंती करा, मालिकेचा विषय लपवू नका. काही जण नाही म्हणतील, काही आश्चर्यकारकरीत्या हो म्हणतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सासष्टीच्या पंचतारांकित हॉटेलांतल्या लग्नांत दोन्ही बाजू एकाच लॉनवर असतात: फुलांच्या कमानी बांधणारे दुपारी, पाहुणे संध्याकाळी.

ओळी लिहिताना ‘गरीब’, ‘घाटी’, ‘भायले’ (बाहेरचे) यांतले काही नको. गाव, महिना, काम आणि आकडे लिहा: त्या माणसाची दिवसाची मजुरी, आणि तो साफ करतो त्या व्हिलाचे बुकिंगच्या साइटवर जाहीर असलेले एका रात्रीचे भाडे. मजुरीचा आकडा निदान दोघांना स्वतंत्रपणे विचारून घ्या, मुकादम सांगतो तो आणि हातात पडतो तो यात फरक असतो. मालिका १२ ते १५ चित्रांची ठेवा. दैनिकाच्या रविवार पुरवणीला पाच-सहा पाठवा, लांब बाजू २५०० पिक्सेल, ओळ फाइलच्या माहितीतही भरलेली. छापलेले काम भिंतीवर कसे दिसते ते पाहायला डिसेंबरात पणजीतला सेरेंडिपिटी महोत्सव आणि आल्तिनोवरचे सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे.

पोट या कामावर भरत नाही. गोव्यातले बहुतेक छायाचित्रकार लग्ने, हॉटेले आणि व्हिलांचे इंटिरियर यांवर जगतात, आणि त्या कामामुळेच बंद फाटके उघडतात. पण कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक तो ग्राहक असतो. तेव्हा व्हिलाच्या कामात टिपलेला केअरटेकर परस्पर या मालिकेत घालता येणार नाही. ते चित्र हवे असेल तर काम सुरू होण्याआधी करारात तसे कलम घाला, किंवा काम संपल्यावर वेगळी परवानगी घेऊन पुन्हा जा.