पांढरी पेशी चालते कशी? अमीबा पकडा आणि बघा

रक्त काढायची गरज नाही; मी अकरावीच्या पोरांना सुईला हातच लावू देत नाही. नाशिकला सोमेश्वरच्या बाजूला गोदाकाठी साचलेल्या डबक्यातली कुजकी पानं थोड्या पाण्यासकट बाटलीत भरून आणा. पानाच्या खालचा बुळबुळीत थर ड्रॉपरने स्लाइडवर घ्या, वर कव्हरस्लिप. सूक्ष्मदर्शकाचं भिंग १०एक्सचं, आणि डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची झडप, जवळजवळ बंद. उजेड जास्त झाला की पारदर्शक अमीबा दिसतच नाही. निम्मी पोरं इथेच कंटाळतात. सापडला की स्लाइड हलवू नका, धक्क्याने तो अंग आखडून घेतो. पुन्हा चालू लागला की दर अर्ध्या मिनिटाला त्याची बाह्यरेषा काढा, एकावर एक.

आता आपल्या रक्तातली न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारची पांढरी पेशी. चाल तशीच: पुढे ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू वाढून पेशीचं पटल ढकलतात, मागे मायोसिन हे दुसरं प्रथिन आवळून शेपूट ओढून घेतं. ऊतीतल्या फटी तिच्यापेक्षा अरुंद असतात. बाकी अंग सहज दबतं, अडतं ते केंद्रक. पण हिचं केंद्रक ३ ते ५ खंडांचं, त्यामुळे एकेक खंड सरकवत ती पार होते.

आणि हो, हात साबणाने धुवा, मगच डबा उघडा.