टॅग्ड, अनटॅग्ड आणि विसरलेला पीव्हीआयडी

घरातील कॅमेरे मुख्य नेटवर्कपासून वेगळे ठेवण्यासाठी मी राउटरवर व्हीलॅन २० (त्याच उपकरणांवर चालणारे वेगळे आभासी नेटवर्क) तयार केले, स्विचचा राउटरकडे जाणारा पोर्ट १ त्यात टॅग्ड ठेवला आणि कॅमेऱ्याचा पोर्ट ५ व्हीलॅन १ मधून काढून व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड केला. तरीही कॅमेऱ्याला आयपी पत्ता मिळेना.

केबल आणि डीएचसीपी (आयपी पत्ते आपोआप वाटणारी सेवा) तपासण्यात संध्याकाळ गेली. खरा उलगडा झाला तो दिशेचा विचार केल्यावर. टॅग म्हणजे ८०२.१क्यू मानकानुसार फ्रेममध्ये (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात) घातलेले ४ बाइट असून त्यांतील १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात. ‘अनटॅग्ड’ ही नोंद फक्त बाहेर पडणाऱ्या फ्रेमवरील टॅग काढायला सांगते. आत येणारी टॅगविरहित फ्रेम कोणत्या व्हीलॅनमध्ये जाईल, हे त्या पोर्टचा पीव्हीआयडी (पोर्ट व्हीलॅन आयडी) ठरवतो. माझ्या स्विचवर तो सेटिंग्जच्या वेगळ्या पानावर होता आणि १ च राहिला होता. त्यामुळे कॅमेऱ्याची विनंती व्हीलॅन १ मध्ये जात होती आणि तिथले उत्तर पोर्ट ५ वरून बाहेर पडूच शकत नव्हते. काही स्विच हा बदल आपोआप करतात, पण त्यावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पीव्हीआयडी २० करून कॅमेरा पुन्हा सुरू करताच त्याला योग्य पत्ता मिळाला.