कालवडीची रक्ती हगवण: शेण तपासलं आणि कारण सापडलं

फलटणकडं आमचा संकरित गाईंचा गोठा आहे. ऐन पावसाळ्यात दोन-अडीच महिन्यांच्या कालवडीला हगवण लागली. शेपूट बरबटलेलं, पातळ शेणात शेंबूड नि रक्ताचे धागे, हगताना सारखी कुंथायची. जंताचं औषध झालं, अँटिबायोटिक झालं, फरक शून्य.

डॉक्टर म्हणाले, "आता अंदाज पुरे, शेण तपासू." जमिनीवरचं नको म्हणून हातमोजा घालून थेट गुदद्वारातून ताजं शेण काढलं आणि बर्फावर ठेवून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. मिठाच्या संपृक्त द्रावणात शेण कालवलं की परजीवीची ऊसिस्ट, म्हणजे कवचातली अंड्यासारखी सूक्ष्म रूपं, वर तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली आयमेरिया नावाच्या परजीवीची गर्दी दिसली, म्हणजे कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग. हे जंत नव्हेत, एकपेशीय परजीवी. आतड्याचं अस्तर फोडतात, म्हणून रक्त पडतं. निरोगी वासराच्या शेणातही थोडी ऊसिस्ट असतात, त्यामुळं संख्या आणि लक्षणं दोन्ही जुळवून बघावी लागतात.

डॉक्टरांनी वजनानुसार अँप्रोलियम या कॉक्सिडिओसिसवरच्या औषधाचा पाच दिवसांचा कोर्स दिला, सोबत इलेक्ट्रोलाइटचं (क्षारांचं) पाणी. कालवड सावरली.

पण माझ्या मते खरं काम गोठ्यात होतं. नेहमीच्या फिनाइलला ऊसिस्ट दाद देत नाहीत, ओल मिळाली की महिनोन्‌महिने टिकतात. वासरांखालचं ओलं अंथरूण काढलं, उकळतं पाणी ओतून जमीन खडखडीत वाळवली, गव्हाण उंच केली, वासरं मोठ्या जनावरांपासून वेगळी बांधली.

वासरू तीन आठवड्यांच्या आतलं असेल तर क्रिप्टोस्पोरिडियम या हगवण लावणाऱ्या दुसऱ्या एकपेशीय परजीवीचीही तपासणी मागा. त्याची ऊसिस्ट फारच बारीक, अ‍ॅसिड-फास्ट नावाचा खास रंग दिल्यावर लाल दिसतात. हा परजीवी माणसालाही लागतो, तेव्हा लहान पोरांना अशा वासराजवळ जाऊ देऊ नका.