पीसीवर पूर्ण ताण टाकण्याआधी

सगळ्यात आधी बॅकअप. पीसीचा प्रत्येक भाग पूर्ण लोडवर चालवून तो टिकतो का बघायचं, अशा चाचणीत पीसी मध्येच हँग होणार, निळा स्क्रीन येणार हे धरूनच चालायचं. त्यातून रॅममध्ये गडबड असली, तर डिस्कवर चुकीचा डेटाही लिहिला जाऊ शकतो. कामाच्या फाइल्स आणि गेमचे सेव्ह वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि ती ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा.

मग साफसफाई. कॅबिनेटचे फिल्टर, सीपीयूचा कूलर, एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) जाळी ब्लोअरने झाडून घ्या. हवा मारताना पंखा बोटाने धरा, मोकाट फिरू देऊ नका. साइड पॅनेल मात्र परत लावूनच चाचणी करा. उघड्या कॅबिनेटचे आकडे छान दिसतात, पण रोज तसं कोण खेळतं? खोलीचंही तेच. चाचणी एसीत घ्यायची आणि मे महिन्यात खेळायचं पंख्याखाली, ही स्वतःचीच फसवणूक. बाहेरची हवा दहा अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढेच तापतात, म्हणजे जानेवारीत ७८ अंशांवर निवांत चालणारा सीपीयू नागपूरच्या उन्हाळ्यात नव्वदीला टेकलाच म्हणून समजा. टेबलावर साधा थर्मामीटर ठेवा आणि वहीत पहिला आकडा खोलीच्या तापमानाचा लिहा.

पीसीची पिन अर्थिंग असलेल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्येच लावा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॉटच्या आसपासच झेपवतो. पूर्ण लोडवर तो ट्रिप होतो आणि दोष बिचाऱ्या एसएमपीएसच्या माथी जातो. वीज जाण्याची वेळ टाळा, हे वेगळं सांगायला नको. विंडोज अपडेट थांबवा, स्लीप बंद करा.

आपल्या भागांच्या मर्यादा आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ रायझन ५ ५६०० या सीपीयूची कमाल ९० अंश, आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाची ९३ अंश आणि १७० वॉट. एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जाता कामा नये, पण सॉफ्टवेअरमधला हा आकडा अंदाजच. शंका आली तर मल्टिमीटरने बघा. रॅम ३२०० च्या वेगाची घेतली असेल, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग, चालू आहे का पाहा. बंद असल्यास ती कमी वेगाने धावत असते आणि अनेकांना वर्षभर पत्ता नसतो.

आता क्रम. रॅम आधी, कारण ती कच्ची असेल तर पुढचे सगळे निकाल फुकट. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम घालून रात्रभर सोडा. एक जरी एरर आली तरी नापास. मग तापमान, व्होल्टेज वगैरे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग (आकड्यांची नोंद) चालू करून सीपीयूला ताणणारं सिनेबेंच दहा मिनिटं, आणि त्यानंतर प्राइम९५. हा प्रोग्राम मुळात मर्सेन या खास प्रकारच्या मूळसंख्या शोधण्यासाठी लिहिलेला. टॉर्चर टेस्टमध्ये त्याला उत्तरं आधीच माहीत असतात, त्यामुळे सीपीयूने गणित चुकवलं की लगेच पकडतो. यातल्या ‘स्मॉल एफएफटी’ या चाचणीइतकी उष्णता कुठलाच गेम काढत नाही, तेव्हा तिथला आकडा पाहून घाबरू नका. ग्राफिक्स कार्डासाठी मला फरमार्क या प्रोग्रामपेक्षा थ्रीडीमार्कची टाइम स्पाय स्ट्रेस टेस्ट बरी वाटते, कारण तिचा भार खऱ्या गेमच्या जवळ जातो. वीस फेऱ्या आणि ९७ टक्के स्थिरता, हा तिचा पास होण्याचा निकष. सीपीयू आणि कार्डाच्या वेगवेगळ्या चाचण्या नीट पार पडल्यावरच दोघांना एकदम ताणा. एसएमपीएसचं खरं बळ तिथे कळतं.

लॉगमध्ये तापमानाच्या शेजारी क्लॉकचा (भाग किती वेगाने चालतोय त्याचा) रकाना हवाच. तापमान एका आकड्याला चिकटलं आणि क्लॉक उतरायला लागला, की कूलिंगची हद्द आली. पीसी बंद पडेपर्यंत थांबायची गरज नाही. तरीही पडलाच, तर विंडोजमधली नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडा. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद एवढंच सांगते की मशीन अचानक बंद झालं. त्याच्या आसपास ‘व्हिया-लॉगर’ (WHEA-Logger) ची नोंद सापडली, तर हार्डवेअरने स्वतःच तक्रार केली आहे आणि कुठल्या भागाची, ते बहुतेक वेळा त्याच नोंदीत असतं.