गर्दीसमोर उडवायचा कागदी माँगोल्फिए फुगा

4 जून 1783 रोजी फ्रान्समधल्या आनोने गावात माँगोल्फिए बंधूंनी लोकांसमोर फुगा उडवला. आतून कागद लावलेलं कापड, बटणांनी जोडलेलं. फुगा धुराने उचलला जातो असं त्यांना वाटे. खरं काम गरम हवेचं. म्हणून प्रात्यक्षिकात आग मुळीच नको. 2000 वॅटची हीट गन, म्हणजे खूप गरम हवा फेकणारं विजेचं अवजार, पुरते. केस वाळवायचा ड्रायर कमी पडतो, कारण पातळ कागदातून उष्णता भराभर निसटते.

आकारात काटकसर करू नका. व्यास दुप्पट केला तर कागद चौपट लागतो, पण हवा आठपट मावते. एक मीटरचा फुगा जेमतेम स्वतःला पेलतो. दीड मीटरच्या फुग्यात साधारण 1.75 घनमीटर हवा मावते. बाहेर 20 आणि आत 60 अंश असतील तर तो अंदाजे 250 ग्रॅम उचलतो. चौरस मीटरला 18 ग्रॅमचा टिश्यू कागद वापरला तर त्याचं वजन गोंद धरून 155 ग्रॅमच्या आसपास भरतं.

दीड मीटरच्या फुग्यासाठी कागदाच्या 12 पाकळ्या कापा, प्रत्येकीची लांबी 216 सेंमी. वरच्या टोकापासून 118 सेंमीवर रुंदी सर्वाधिक, 39.3 सेंमी. तिथून वर 39 सेंमी गेल्यावर 34, 59 वर 27.8, 79 वर 19.6, 98 वर 10.2 आणि टोकाशी शून्य. खाली हीच मापं, फक्त 98 सेंमीवर थांबायचं. तिथे 39 सेंमी व्यासाचं तोंड तयार होतं. एका कडेला चिकटवण्यासाठी 1 सेंमी जादा ठेवा.

गोंदाची कांडीच वापरा. पातळ गोंदाने कागद आकसतो, शिवण आखूड होते आणि फुगा पिळवटतो. चिकटवताना दोन पाकळ्यांमध्ये वर्तमानपत्राची पट्टी सरकवा, नाहीतर आतले थर एकमेकांना धरतात. वरच्या टोकाला 10 सेंमीची चकती लावा. सर्वांत गरम हवा तिथेच साठते, त्यामुळे शेंड्याजवळचं छोटं भोकही महागात पडतं. तोंडाजवळचं चालून जातं. तोंडाला हलक्या पुठ्ठ्याचं कडं हवंच. त्याच्या वजनाशिवाय फुगा कलंडतो आणि हवा सांडते.

उडवताना शेंडा काठीने वर धरा, आधी साध्या पंख्याने फुगवा, मग 10 सेंमी रुंदीच्या पत्र्याच्या नळीतून गरम हवा सोडा. नळी तोंडाच्या मधोमध; कागदाला टेकली तर कागद जळतो. कडं हाताला वर ओढायला लागेपर्यंत थांबा. मोठा, वारा नसलेला हॉल उत्तम. तळाशी दोरा बांधलेला असावा.

हॉल थंड हवा. बाहेरची हवा तापलेली असली की उचल घटते, आणि जमलेली गर्दी वाट पाहत नाही. 11 जुलै 1784 ला पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत मिओलां आणि जानिने या दोघांचा गरम हवेचा फुगा उठलाच नाही, तेव्हा चिडलेल्या लोकांनी तो फाडून जाळला. प्रेक्षक बोलावण्याआधी त्याच जागी, त्याच वेळेला एकदा पूर्ण फुगवून पाहा. लोकांना 3 मीटर लांब ठेवा आणि भरणं त्यांच्यासमोरच सुरू करा, म्हणजे वाट पाहणंही कार्यक्रमाचाच भाग होतं.