आतड्याच्या गाठीचा नमुना स्पेशियल प्रोफायलिंगसाठी पाठवताय? या चुका टाळा

जठर, आतडं किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये गाठीच्या कोणत्या भागात कोणती जनुकं चालू आहेत, हे स्पेशियल प्रोफायलिंगमुळे काचेवरच्या पातळ छेदावरच वाचता येतं. हे काम अजून मुख्यतः संशोधनातच आहे. लातूर-नांदेडच्या ऑपरेशन थिएटरमध्ये निघालेला नमुनाही त्यासाठी चालतो. पण तो बिघडायचा असला तर पहिल्या काही तासांतच बिघडतो, आणि मग कितीही महागडं मशीन असलं तरी उपयोग नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आतडं न उघडता तसंच बरणीत कोंबल्याने. फॉर्मलिन, म्हणजे नमुना नासू न देणारं द्रावण, तासाला साधारण एक मिलिमीटरच आत शिरतं. बाहेरून आतडं कडक लागतं, आत गाठ नासत राहते. परभणीच्या मे महिन्यात तर फारच लवकर. गाठीची जागा सोडून आतडं उभं उघडा, विष्ठा धुऊन काढा, सपाट पसरा आणि तासाभराच्या आत नमुन्याच्या किमान दहापट 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये बुडवा. स्वादुपिंडाला तेवढीही सवड देऊ नका, त्यातले एन्झाइम आरएनए, म्हणजे चालू जनुकांची जी प्रत इथे वाचायची असते तीच, झपाट्याने तोडतात.

जोडून सुट्ट्या आल्या की बरणी तशीच पडून राहते, तेही वाईट. फॉर्मलिनमध्ये साधारण 6 ते 72 तास राहून नमुना पुढच्या प्रक्रियेला गेलाच पाहिजे.

सिग्नल कमी येतोय? आधी ब्लॉकमधल्या (मेणात बसवलेल्या नमुन्यातल्या) आरएनएचा डीव्ही200 बघा, म्हणजे 200 न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब तुकडे किती टक्के उरलेत ते. फारच कमी असतील तर किट वाया घालवू नका, दुसरा ब्लॉक घ्या.

आरएनए चांगला असूनही चित्र रिकामं येत असेल, तर जागा चुकली असेल. व्हिझियम या स्पेशियल प्रोफायलिंगच्या तंत्राच्या जुन्या स्लाइडवरची, छेद ठेवायची चौकट जेमतेम 6.5 मिलिमीटरची. ती मेलेल्या पेशींवर किंवा नुसत्या म्यूकसवर बसली तर हाती काय लागणार? एच अँड ई (पेशी दिसाव्यात म्हणून नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या) स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टकडून खूण करून घ्या आणि गाठीची कड त्यात येऊ द्या. फ्रान्समधले संशोधक जेरोम गालों यांच्या गटाने 2006 मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दाखवलं की गाठीच्या मध्यभागी आणि कडेला टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) किती आहेत, यावरून रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज येतो. शिवाय व्हिझियमच्या या स्लाइडवर मोजणी ठिपक्या-ठिपक्याने होते, आणि 55 मायक्रॉनच्या एका ठिपक्यात अनेक पेशी असतात. त्याला एकच पेशी समजून निष्कर्ष काढू नका.

नातेवाइकांनो, मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये जाताना रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या. मात्र ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात मेण वितळतं.