मोहाविरुद्ध प्रार्थना करताना या चुका टाळा

सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे मोह समोर येऊन बसल्यावर प्रार्थना सुरू करणे. ग्लास भरला गेला, मोबाइलवर नको ते पान उघडलं, आणि मग 'प्रभू, वाचव!' प्रभू तेव्हाही ऐकतो, पण तोवर आपण मनातून अर्धा होकार देऊन बसलेलो असतो.

गेथशेमाने बागेत येशूला धरलं त्या रात्रीचा प्रसंग (मार्क 14) सावकाश वाचा. बाकीचे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असं त्याचा शिष्य पेत्र छातीठोकपणे सांगून आलेला. येशू त्याला आणि याकोब व योहान या दोन शिष्यांना जागं राहून प्रार्थना करायला सांगतो. परत येऊन बघतो तर तिघेही झोपलेले. असं तीनदा घडतं. मग येशूला धरायला माणसं येतात तेव्हा पेत्र तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान छाटतो (त्याचं नाव योहान 18 मध्ये आहे) आणि त्याच रात्री एका दासीने हटकल्यावर येशूला ओळखतच नाही म्हणतो. तेही तीनदा. जोश भरपूर होता, तयारी शून्य.

म्हणून प्रार्थना सकाळी, घराबाहेर पडण्याआधी. दहा मिनिटं पुरतात, पण गुडघ्यांवर आणि ऐकू येईल अशा आवाजात. अंथरुणात पडल्या पडल्या केलेली प्रार्थना 'आमेन'पर्यंत क्वचितच पोचते.

दुसरी चूक मोघमपणाची. 'मला शक्ती दे' एवढ्यावर भागत नाही. कधी, कुठे, कुणासोबत घसरतो ते नाव घेऊन सांगा: 'प्रभू, आज पगार होणार. सहाला सुटल्यावर ते दोघे गेटवर थांबतील. मला मागच्या गेटने घरी ने.' आणि मग खरोखर मागच्या गेटने निघा! योसेफाला (उत्पत्ती 39) त्याचा धनी पोटीफर याच्या बायकोने मोहात पाडायला वस्त्र धरलं, तेव्हा तो वाद घालत बसला नाही. वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला. 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' म्हणायचं आणि बाटली कपाटात 'पाहुण्यांसाठी' ठेवायची, ही प्रभूची थट्टा आहे. रात्रीचा मोह मोबाइलचा असेल तर तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा.

उपासाने काम झटपट होईल असं नवख्यांना फार वाटतं. येशूने चाळीस दिवस उपास केला आणि परीक्षक, म्हणजे सैतान, आला तो त्याला भूक लागल्यावर. उपास सुटतो त्या दिवशी जास्त जपा.

वचन मंत्रासारखं पुटपुटू नका. स्तोत्र 91 सैतानालाही पाठ होतं; येशूची परीक्षा घेताना त्याने तेच म्हणून दाखवलं. एकच वचन घ्या, समजून घ्या; मोहातून निभावायची वाट देव देतो असं सांगणाऱ्या 1 करिंथ 10:13 पासून सुरुवात करा.

नुसता विचार मनात आला म्हणजे पाप झालं असं नाही. येशूचीही परीक्षा झाली.

एकट्याने लढू नका. पाळक किंवा मंडळीतला एखादा पोक्त, तोंड बंद ठेवणारा माणूस गाठा आणि आठवड्यातून एकदा खरं सांगा (याकोब 5:16). मंडळीत साक्ष देताना सगळ्यांसमोर तपशील मांडायची घाई नको.

रोज पिणाऱ्याने प्रार्थनेच्या भरात दारू एकदम तोडू नये. हात थरथरतात, फिटही येऊ शकते. आधी डॉक्टरला दाखवावं. यात विश्वास कमी पडला असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

आणि पडलात तर 'आता कोणत्या तोंडाने?' म्हणत आठवडाभर प्रार्थना टाळू नका. त्याच रात्री पश्चात्तापाचं स्तोत्र 51 उघडा.